पेरूचा रस नितळेना : अंबड तालुक्यातील एका प्रक्रिया केंद्राचे प्रकरण

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात मोसंबी बागाईतदारांच्या एका गटाने रस काढण्याचे छोटे केंद्र उभारले आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिला बाजारात स्वतःचे नाव आले. याच शेतकऱ्यांच्या बांधालगत उभ्या असलेल्या पेरूच्या बागांना मात्र असा आधार नाही. मृग बहाराचा पेरू डिसेंबर-जानेवारीत एकदम बाजारात उतरतो, भाव पडतो आणि दोन दिवसांत फळ मऊ पडते. म्हणून गटाने पेरूचा नितळ रस काढून त्याचे सरबत करण्याचे ठरवले. पहिल्या हिवाळ्यात रस सोनेरी आणि पारदर्शक निघाला. दुसऱ्या हिवाळ्यात तीच यंत्रे, तीच माणसे आणि तेच एन्झाइम असूनही रस गढूळच राहू लागला. गटाच्या विनंतीवरून मी तेथे तीन दिवस राहिलो. त्या तीन दिवसांत जे दिसले आणि तपासले, ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण मराठवाड्यातील लहान प्रक्रिया केंद्रांत हीच चूक थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा होताना मी पाहिली आहे.

केंद्रातील कामाची पद्धत

फळे धुऊन, चिरून, ८० ते ८५ अंश सेल्सियसपर्यंत गरम केली जात आणि मग पल्परमधून काढली जात. मिळालेला गर ५०० लिटरच्या दुहेरी भिंतीच्या टाकीत थंड करून त्यात पेक्टिनेज हे रस नितळ करणारे एन्झाइम मिसळले जाई. दोन तासांनी रस फिल्टर प्रेसमधून गाळायचा, ९० अंशांपर्यंत तापवायचा आणि गरम असतानाच बाटल्यांत भरायचा, असा क्रम होता. उत्पादनाची जबाबदारी रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या एका तरुण ताईंकडे होती आणि खरेदी व साठवण गटातील एक ज्येष्ठ काका पाहत. दोघांनीही पहिल्या वर्षाच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्या वह्या नसत्या, तर कारण शोधायला कितीतरी अधिक वेळ लागला असता.

तक्रार अशी होती की दोन तासांनंतरही रस घट्ट राहतो, फिल्टर प्रेसची कापडे पंधरा-वीस मिनिटांत चोंदतात, आणि कसाबसा गाळलेला रस बाटलीत आठवडाभरात पुन्हा गढूळ होऊन तळाशी साका धरतो. यावर केंद्राने एकामागून एक तीन उपाय करून पाहिले होते. प्रथम एन्झाइमची मात्रा दुप्पट केली, मग तिप्पट केली. त्यानेही काही झाले नाही म्हणून, अधिक उष्णतेत काम लवकर उरकेल या समजुतीने टाकीचे तापमान ४८ वरून ६५ अंशांवर नेले. शेवटी साका बसवण्यासाठी बेंटोनाइट माती एन्झाइमसोबतच टाकायला सुरुवात केली. प्रत्येक उपायानंतर स्थिती थोडी अधिक बिघडली होती.

एन्झाइम नेमके काय करते

पेरूच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनच्या आधाराने. भिंतीतील दोन विटांमध्ये जसा चुना असतो, तसा दोन पेशींच्या मध्ये पेक्टिनचा थर असतो. पेक्टिन म्हणजे मुख्यतः गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या रेणूंची लांबलचक साखळी. त्यातील बऱ्याच आम्लगटांवर मिथाइल गट चढलेला असतो. जेथे तो नसतो, तेथे कॅल्शियमच्या साहाय्याने दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. पेरूची जेली चांगली बसते ती याच साखळ्यांमुळे. १८२५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनो यांनी या पदार्थाला ‘गोठलेला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. जेली करणाऱ्या गृहिणीला जो गुण हवा असतो, तोच नितळ रस करणाऱ्याला अडसर ठरतो. गर गरम केल्यावर अविद्राव्य पेक्टिनचा बराच भाग रसात उतरतो, रस चिकट होतो, आणि तरंगणाऱ्या बारीक कणांभोवती पेक्टिनचे ऋणभारित आवरण राहिल्याने ते कण एकमेकांना दूर ढकलत तरंगतच राहतात.

हे आवरण तोडण्याचे काम ज्या बुरशीकडून करून घेतले जाते, ती आपल्याकडच्या प्रत्येक कांदाचाळीत भेटते. कांद्याच्या पापुद्र्यांवर काजळीसारखी बोटांना लागणारी काळी पूड ही बहुधा ॲस्परजिलस नायजरची असते. ही बुरशी वनस्पतीच्या ऊतीत शिरताना बाहेर एन्झाइम सोडते आणि पेशींमधला चुना विरघळवून आपली वाट काढते. फळ सडताना मऊ पडते त्यामागे हेच कारण आहे. हेच एन्झाइम वेगळे काढून फळांच्या रसात वापरण्याची सुरुवात १९३० च्या सुमारास झाली आणि आजही व्यापारी पेक्टिनेज बहुतांशी याच बुरशीपासून मिळते.

‘पेक्टिनेज’ हा शब्द एकवचनी वाटला तरी कॅनमध्ये सहसा मिश्रण असते. पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज साखळी तोडते, पण तिला मिथाइल गट नसलेली जागा लागते. पेक्टिन मिथाइलइस्टरेज तो गट काढून तिच्यासाठी जागा मोकळी करते. पेक्टिन लायेजला मात्र अशी मदत लागत नाही, ती मिथाइल गटांनी भरलेली साखळीही थेट कापते. साखळी टोकाकडून कुरतडली तर रस सावकाश पातळ होतो. मध्येच कुठेही कापणारे एन्झाइम असेल, तर शंभरातील मोजके दुवे तुटले तरी चिकटपणा झपाट्याने उतरतो. म्हणूनच चांगल्या एन्झाइमचा परिणाम पहिल्या अर्ध्या तासातच डोळ्यांना दिसू लागतो, आणि तो दिसत नसेल तर पुढील दीड तास केवळ वाट पाहत राहण्यात हशील नसते.

याच्याशी नात्यातले आणखी एक एन्झाइम, पेक्टेट लायेज, मुख्यतः जिवाणूंपासून मिळते आणि त्याला अल्कधर्मी सामू (pH) व कॅल्शियम लागते. कापसाच्या धाग्यावरील पेक्टिन काढण्यासाठी कापड उद्योगात ते वापरले जाते. आपल्या भागात कापूस आणि फळे दोन्ही असल्याने विक्रेत्याकडून ‘पेक्टिनेज’ एवढ्याच नावाने मागणी करू नये, असे मी नेहमी सांगतो. पेरूच्या रसाचा सामू साधारण ४ च्या आसपास असतो आणि तेथे बुरशीचेच एन्झाइम उपयोगी पडते. या केंद्रात ती चूक झाली नव्हती. माहितीपत्रक योग्य उत्पादनाचे होते.

तपासणी

पहिल्या दिवशी मी टाकीला हात लावला नाही, वह्या वाचल्या. त्यातून एक गोष्ट ताबडतोब पुढे आली. दुसऱ्या हिवाळ्यात वापरलेले एन्झाइम नवे खरेदी केलेले नव्हते. पहिल्या वर्षी स्वस्त पडते म्हणून २५ लिटरचा मोठा कॅन आणला होता, त्यातील निम्म्याहून अधिक शिल्लक राहिला, आणि कॅन शीतकपाटात मावत नसल्याने तो पत्र्याच्या गोदामात एका कोपऱ्यात ठेवला गेला. मराठवाड्यातील मे महिना म्हणजे सावलीत ४२-४३ अंश, आणि पत्र्याखाली त्याहूनही जास्त. माहितीपत्रकावर साठवणीचे तापमान ४ ते ८ अंश स्पष्ट छापलेले होते. काकांनी मला सांगितले, “सर, औषधाच्या बाटलीवरही तसंच लिहिलेलं असतं, पण ती कपाटातच राहते की.” त्यांचे म्हणणे मला गैर वाटले नाही, कारण शेतीतील बहुतेक द्रव औषधे खरोखरच उन्हाळा काढतात. एन्झाइम मात्र प्रथिन आहे. त्याच्या साखळीची घडी विशिष्ट आकारात बसलेली असते आणि त्या घडीतील एका खाचेतच पेक्टिनची साखळी अडकून कापली जाते. ॲस्परजिलस नायजरच्या एका पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजची रचना १९९९ मध्ये उलगडली, तेव्हा ती उजवीकडे वळत जाणाऱ्या दंडगोल स्प्रिंगसारखी दिसली आणि तिच्या बाजूला एक लांब खोबण आढळली. दीर्घकाळ उष्णतेत राहिले की ही घडी सैल होते. रंग, वास, चिकटपणा यांवरून ते ओळखता येत नाही आणि कॅनमधला द्रव जसाच्या तसा दिसतो.

तरीही केवळ वहीवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. दुसऱ्या दिवशी एकाच गराचे सहा समान भाग करून सहा चंबूंत ठेवले. पहिल्यात काहीच घातले नाही. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात गोदामातील एन्झाइम घातले, एक ४८ अंशांवर आणि दुसरा ६५ अंशांवर ठेवला. चौथ्यात आणि पाचव्यात मी बर्फाच्या डब्यातून आणलेले ताजे एन्झाइम त्याच मात्रेत घातले, तापमाने तीच ठेवली. सहाव्यात ताजे एन्झाइम आणि बेंटोनाइट एकाच वेळी घालून तो ४८ अंशांवर ठेवला. गरम पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटर धरून ताई दोन तास बसून राहिल्या.

पेक्टिन उरले आहे की नाही हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. एक भाग गाळलेल्या रसात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेले दोन भाग अल्कोहोल घालायचे, नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करायची आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवायची. पेक्टिन शाबूत असेल तर दह्यासारखा गोळा तयार होऊन वर येतो. अर्धवट तुटले असेल तर तंतू दिसतात. पूर्ण तुटले असेल तर काहीच दिसत नाही.

पहिल्या नळीत अपेक्षेप्रमाणे घट्ट गोळा आला. दुसऱ्या नळीत, म्हणजे गोदामातील एन्झाइम योग्य तापमानावर असूनही, सैल पण मोठा गोळा आला. तिसरी आणि पहिली नळी शेजारी धरल्या असता फरक सांगता येत नव्हता. चौथ्या नळीत काहीही नव्हते. पाचव्यात ताजे एन्झाइम असूनही जाड तंतू होते, कारण ६५ अंशांवर ते काही मिनिटे वेगाने कापते आणि मग स्वतःच निकामी होते. सहाव्या नळीत बारीक तंतू उरले होते. बेंटोनाइट ही माती प्रथिनाला चिकटते आणि एन्झाइमही प्रथिनच आहे. साका बसवण्यासाठी टाकलेल्या मातीने प्रथम एन्झाइमलाच तळाशी नेले.

दुसऱ्या चंबूतील उरलेला रस आम्ही रात्रभर कोमट पाण्यात ठेवला. सकाळी त्यात फक्त विरळ तंतू राहिले होते. म्हणजे गोदामातील एन्झाइम पूर्ण मेले नव्हते, त्याचा थोडा अंश शिल्लक होता आणि त्याला पुष्कळ अधिक वेळ हवा होता. मात्रा आणि वेळ यांचे नाते साधारण व्यस्त असते, मात्रा निम्मी झाली तर वेळ दुप्पट लागतो. या हिशेबाने केंद्राने तिप्पट मात्रा टाकूनही मूळ शक्तीच्या जवळपास पोचणे शक्य नव्हते, आणि तापमान ६५ वर नेल्यावर उरलेला अंशही संपला. तिन्ही उपाय एकमेकांवर चढत गेले आणि मूळ कारण झाकले गेले. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महाग पडलेली गोष्ट म्हणजे कसोटी न करता वाढवलेली मात्रा. अल्कोहोलची एक नळी पहिल्याच आठवड्यात पाहिली असती, तर पुढील सर्व घाणे वाचले असते.

उरलेला धुरकटपणा

चौथ्या चंबूतील रस गाळल्यावर पातळ आणि सोनेरी निघाला, पण उजेडासमोर धरला तर किंचित धुरकट दिसत होता. पेक्टिन तर नव्हते. ताईंनी आयोडिनचा थेंब टाकला आणि रस निळसर झाला. तो स्टार्च होता. कच्च्या पेरूत स्टार्च असतो आणि फळ पिकताना त्याची साखर होते. गर ८० अंशांवर तापवला की हा स्टार्च फुगून रसात विरघळल्यासारखा पसरतो आणि पेक्टिनेजचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही, कारण त्या साखळीतील जोड वेगळ्या प्रकारचे असतात. पहिल्या वर्षी गटाने स्वतःच्या बागांतील पिकलेली फळे वापरली होती. दुसऱ्या वर्षी व्यापाऱ्यांनी नाकारलेली हिरवट फळे मोठ्या प्रमाणात आत आली होती. कच्च्या फळातील तुरट टॅनिनही एन्झाइमला बांधून ठेवते, त्यामुळे हा दोष दुहेरी होता.

अमायलेज नावाचे दुसरे एन्झाइम वापरून स्टार्च तोडता येतो आणि मोठे कारखाने तसे करतात. मी येथे ते सुचवले नाही. एक एन्झाइम नीट सांभाळता आलेले नसताना दुसरे आणणे मला योग्य वाटले नाही, आणि फळे क्रेटमध्ये दोन-तीन दिवस ठेवून पिवळी होऊ दिली तर स्टार्चचा प्रश्न फळ स्वतःच सोडवते. यासाठी जागा लागते आणि सडण्याचा धोकाही वाढतो. त्यावर गटात बराच वाद झाला. अखेर रोज संध्याकाळी फळे निवडण्यासाठी दोन बायकांना वेगळे काम द्यायचे ठरले.

मोसंबीच्या टाकीवरचा आळ

याच आठवड्यांत केंद्राच्या मोसंबी स्क्वॉशचीही तक्रार होती. बाटलीत वर पाण्यासारखा थर आणि खाली चोथा, असे दोन भाग होत होते. स्क्वॉशला तर गढूळपणाच हवा असतो. कामगारांची खात्री होती की पेरूच्या टाकीतील बुरशीचे एन्झाइम पाइपमधून मोसंबीत उतरले. शंका अगदीच निराधार नव्हती, कारण दोन्ही रस एकाच पंपातून जात. पण ज्या घाण्याच्या आधी पंप गरम पाण्याने धुतला गेला होता, त्याही घाण्यात थर झाले होते. म्हणून आम्ही हाताने पिळलेला, कोणत्याही यंत्राला न लागलेला मोसंबीचा रस दोन बाटल्यांत घेतला. एक बाटली लगेच ९० अंशांवर एक मिनिट तापवली, दुसरी तशीच ठेवली. संध्याकाळपर्यंत दुसरीत वरचा थर नितळ झाला होता, पहिली गढूळच होती.

दोष मोसंबीच्या स्वतःच्या पेक्टिन मिथाइलइस्टरेजचा होता. लिंबूवर्गीय फळांत ते भरपूर असते आणि त्याचा एक प्रकार उष्णतेला चिवट असतो. ते पेक्टिनवरील मिथाइल गट काढते, मोकळे झालेले आम्लगट रसातील कॅल्शियमशी बांधले जातात, आणि कॅल्शियम पेक्टेटचे पुंजके रसातील कणांना घेऊन खाली बसतात. केंद्रात सकाळी पिळलेला रस संध्याकाळी तापवला जात होता. त्या आठ-दहा तासांत फळानेच काम उरकलेले असे. पेरूत पेक्टिन तोडणारे पुरेसे नव्हते म्हणून अडले, आणि मोसंबीत पेक्टिनला हात लावणारे वेळेत थांबवले नाही म्हणून अडले. एकाच छपराखाली पेक्टिनच्या या दोन उलट गरजा आहेत, हे फळ्यावर लिहून ठेवावे असे मी सुचवले.

सालींचा प्रश्न

तिसऱ्या दिवशी ताईंनी विचारले, “सर, आपल्याकडे मोसंबीच्या सालींचे ढीग पडतात, त्यात पेक्टिनही आहे. काळी बुरशी वाढवून एन्झाइम आपणच का करू नये?” प्रश्न बुद्धिमत्तेचा होता. बुरशी पेक्टिन समोर असेल तरच पेक्टिनेज मोठ्या प्रमाणात बनवते आणि सहज पचणारी ग्लुकोज मिळाली तर ते बनवणे थांबवते. म्हणून लिंबूवर्गीय साल किंवा गव्हाचा कोंडा तिच्यासाठी चांगले माध्यम आहे आणि संशोधनात त्यांचा वापर झालेला आहे. तरीही मी स्पष्टपणे नकार दिला. चाळीतली किंवा ढिगावरची बुरशी कोणत्या वाणाची आहे हे दिसून कळत नाही. ॲस्परजिलस नायजरचे काही वाण ऑक्राटॉक्सिन ए हे मूत्रपिंडाला घातक विष तयार करतात, आणि तिचे कोरडे बीजाणू बंद खोलीत श्वासातून आत गेले तर फुफ्फुसांना त्रास होऊ शकतो. उद्योगात निवडून, तपासून ठेवलेले वाण, बंदिस्त टाकी, गाळणी आणि विषांची चाचणी या सर्वांनंतर एन्झाइम बाटलीत भरले जाते. अन्नात घालायची वस्तू या तपासणीशिवाय घरी बनवणे मला मान्य नाही. सालींचे काय करावे हा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील अन्नतंत्रज्ञान महाविद्यालयाकडे जावे, असे मी त्यांना सांगितले.

पुढील घडामोडी

गोदामातील कॅन टाकून देण्यात आला. नवे एन्झाइम एक-एक लिटरच्या बाटल्यांत मागवले, ते शीतकपाटात ठेवले आणि प्रत्येक बाटलीवर आल्याची तारीख लिहिली. भारनियमनाच्या दिवसांसाठी शेजारी थर्मोकोलची पेटी व बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. टाकी ४८ अंशांवर स्थिर झाल्याखेरीज एन्झाइम ओतायचे नाही, अर्ध्या तासाने पिपेटमधून रस उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, अल्कोहोलची नळी स्वच्छ आल्याशिवाय फिल्टर प्रेस सुरू करायचा नाही आणि बेंटोनाइट त्यानंतरच टाकायचे, असा क्रम ठरला. मोसंबीसाठी पिळण्याचे काम दोन पाळ्यांत विभागले, म्हणजे कोणताही रस तासाभरापेक्षा जास्त काळ कच्चा राहत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काकांचा फोन आला. फिल्टर प्रेसची कापडे दिवसभरात एकदाच धुवावी लागली होती. पेरू पिकवण्यासाठी ठेवलेल्या क्रेटपैकी काही मात्र सडले होते आणि त्यांच्या देठाजवळ मऊ, पाणचट डाग पडले होते. ती फळे टाकीत घालायची का, असे ते विचारत होते. मी ती वेगळी काढून पुरायला सांगितली, आणि क्रेटमध्ये फळांचे थर दोनाहून अधिक लावू नयेत, असेही सांगितले.